तुम्ही विचारलंत म्हणून : आइस क्लायंबर्सच का?

सुपर स्मॅश ब्रदर्स हा निन्टेंडोचा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत मला हा प्रश्न येतोच. पडद्यावर मारिओ आहे, सोनिक आहे, पॅक-मॅन, मेगा मॅन, र्‍यू, क्लाउड आहेत. एकमेकींशी वर्षानुवर्षं चढाओढ करणाऱ्या कंपन्यांनी आपापली लाडकी पात्रं एकाच आखाड्यात उतरवली आहेत आणि शेवटच्या आवृत्तीत ती सगळी मिळून ८९ झाली आहेत. मग एवढ्यांतून तुम्ही ती हातोडीवाली, गरम कोटातली दोन पोरं, म्हणजे आइस क्लायंबर्सच, का घेता? न्यू जर्सीत आमच्या घरी जमणारी मंडळी हे विचारतात, ऑनलाइन भेटणारी पुण्याची मुलं विचारतात, आणि ज्यांनी मला पूर्वी स्पर्धांत पाहिलं आहे ते पुढे एक वाक्य जोडतात: ‘वॉबलिंगसाठीच घेत होतात ना?’ (वॉबलिंग म्हणजे या जोडीचा एक वादग्रस्त डाव; त्याबद्दल पुढे सांगते.) इतकी वर्षं मी ‘सवय आहे’ एवढंच म्हणून विषय बदलत आले. ते उत्तर खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं.

साताऱ्याला आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ आठ वर्षांचा. त्याबरोबर मिळालेल्या पिवळ्या कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचं छापलेलं होतं. प्रत्यक्षात पाच-पंचवीस खेळच नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. चित्र थरथरलं की कॅसेट काढायची, तोंडाशी धरून फुंकायची आणि पुन्हा बसवायची. मारिओ निन्टेंडोचा, पॅक-मॅन नॅमकोचा आणि कॉन्ट्रा कोनामीचा हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं, कारण त्या कॅसेटवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. आमच्या लेखी ते सगळे एकाच वाड्यातले भाडेकरू होते. त्यामुळे स्मॅशच्या ‘ब्रॉल’ या २००८ च्या आवृत्तीत सेगाचा सोनिक मारिओसमोर उभा राहिला तेव्हा माझ्या इथल्या मित्रांना, ज्यांनी शाळेत सेगा श्रेष्ठ की निन्टेंडो यावरून भांडणं केली होती, दोन राज्यांत तह झाल्यासारखं वाटलं, पण मला तसं काहीच वाटलं नाही. मात्र २०१४ च्या आवृत्तीत पॅक-मॅन आणि डक हंट या जुन्या खेळातला तो हसणारा कुत्रा दोघेही आले, तेव्हा मी साताऱ्याला फोन केला आणि भावाला म्हटलं की आपली कॅसेट परत जमते आहे.

काही जण म्हणतात की हा कंपन्यांच्या जाहिरातीचाच एक प्रकार आहे. तसा तो असेलही. पण स्मॅशचे कर्ते मासाहिरो साकुराई आणि सातोरू इवाता यांनी पहिला कच्चा नमुना तयार केला तेव्हा त्यात कुठलंच ओळखीचं पात्र नव्हतं. बिनचेहऱ्याच्या आकृत्या एकमेकींना ढकलत होत्या. ओळखीचे चेहरे नंतर आले आणि १९९९ मध्ये बारा पात्रांचा पहिला खेळ निघाला. बिनचेहऱ्याच्या आकृत्यांवर मी आयुष्याची इतकी वर्षं घातली नसती, हे मला प्रामाणिकपणे सांगावंसं वाटतं. प्रत्येक जण इथे आपल्या घरचं कुणीतरी निवडतो. माझ्या घरचे हे दोघे होते.

आइस क्लायंबर हा त्या कॅसेटमधला आम्हा दोघांचा खेळ. हातोडीने डोक्यावरचा बर्फ फोडत एकेक मजला चढायचा, असे आठ मजले, आणि मग बोनसच्या टप्प्यात वांगी गोळा करत शिखरावरच्या पक्ष्याला पकडायचं. पहिल्या खेळाडूला निळा पोपो मिळतो आणि दुसऱ्याला नाना नावाची गुलाबी मुलगी. मी मोठी, म्हणून पोपो माझा. भावाला गुलाबी रंग घ्यावा लागे आणि त्यावरून तो रोज रडे. पण खरी गोम वेगळी होती. एक जण वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेल्याचा जीव जातो. मला थांबता येत नसे. भाऊ दुसऱ्या मजल्यावर बर्फ फोडत असे, मी उडी मारून पाचवा गाठत असे, आणि तो ‘ताई, थांब ना’ म्हणेपर्यंत पडद्याखाली गेलेला असे.

२००६ मध्ये मी शिकायला न्यू जर्सीत आले, तेव्हा भाड्याच्या घरातल्या मुलांकडे ‘मेली’, म्हणजे स्मॅशची २००१ मधली आवृत्ती, होता. पात्रांच्या चौकटींत मला ते दोघे दिसले आणि तिथेच माझी निवड झाली. मेलीमध्ये ते दोघे मिळून एकच पात्र आहेत: नेहमीच्या वेशात पोपो तुमच्या हातात असतो आणि नाना संगणकाच्या ताब्यात राहून तुमची प्रत्येक हालचाल सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाने उशिरा करते. ती पडली की एकटा पोपो जवळपास निकामी होतो. तिला सांभाळून खेळायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांचा मला आजही अभिमान आहे.

त्यानंतर वॉबलिंग आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या खेळात ताकद कमी होत नाही, टक्के वाढतात, आणि जितके टक्के जास्त तितका माणूस फटक्यासरशी लांब फेकला जातो. पोपोने प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवायचं आणि एकाच बटणावर ठरावीक तालात बोट पाडत नानाला हातोडी मारत ठेवायचं; ताल चुकला नाही, तर धरलेला माणूस सुटूच शकत नाही. शंभर, दीडशे, दोनशे टक्के होईपर्यंत तो नुसता बघत बसतो आणि मग एका फटक्यात जातो.

ऑगस्ट २०१३ मध्ये भाऊ पहिल्यांदा अमेरिकेला आला होता. मी त्याला आमच्या शनिवारच्या स्पर्धेला घेऊन गेले. एका इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये जुने, पेटीसारखे, वजनदार टीव्ही ओळीने मांडलेले असत, कारण मेली सपाट पडद्यावर उशिरा हलतो आणि खेळणाऱ्यांना तो उशीर सहन होत नाही. तिसऱ्या फेरीत माझ्यासमोर तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा आला. तो योशी खेळत होता आणि फार सुंदर खेळत होता. पहिल्या डावात त्याने माझ्या नानाला तीनदा बाहेर काढलं आणि डाव घेतला. दुसऱ्या डावात मी त्याला पकडलं. माझं बोट तालात पडू लागलं, टीव्हीतून तोच टक्-टक् आवाज येत राहिला आणि आकडा चढत गेला. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्या मुलाने कंट्रोलर मांडीवर ठेवला, हात गुडघ्यांवर घेतले आणि तो पडद्याकडे पाहत राहिला. मी त्याला तसंच चार वेळा संपवलं. तिसऱ्या डावातही तेच केलं. शेवटी त्याने हात मिळवला, ‘छान खेळलात’ म्हणाला, आणि त्याचे वडील त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेले.

भाऊ माझ्या खुर्चीच्या मागे उभा होता. घरी परतताना गाडीत तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, तू अजून तशीच खेळतेस.” मी म्हटलं, “तशीच म्हणजे?” तो म्हणाला, “नानाला सांभाळतेस असं सांगितलं होतंस फोनवर. ती तर नुसती हातोडी मारत होती.” मी चिडले. नियमात बसतं, असं त्याला ठणकावून सांगितलं. महिन्यापूर्वीच लास वेगासच्या एव्हो स्पर्धेत आइस क्लायंबर्स खेळणारा खेळाडू दुसरा आला होता आणि तिथेही वॉबलिंगला परवानगी होती, हेही सांगितलं. तो म्हणाला, “असेल.” पुढचे तीन आठवडे तो माझ्याकडे होता, पण कंट्रोलरला त्याने हात लावला नाही.

तेव्हाची मी आजही माझ्याशी वाद घालते आणि तिचे मुद्दे कच्चे नाहीत. पकडीत न सापडणं हेही कौशल्य आहे, असं ती म्हणते. बाकीच्या पात्रांच्या हातात जे आहे ते ती वापरत नाहीत का, असं ती विचारते. पुढे २०१९ च्या सुमारास बऱ्याच स्पर्धांनी वॉबलिंगवर बंदी घातली, तेव्हा मला काही जणांनी ‘आता पटलं ना?’ असं विचारलं, आणि मला ते पटलेलं नव्हतं, आजही पूर्ण पटलेलं नाही. नियम बदलला म्हणून त्याआधीचे विजय खोटे ठरत नाहीत. पण त्या मुलाने कंट्रोलर मांडीवर ठेवला, तेव्हा माझं बोट थांबू शकलं असतं. सोडून देऊन पुन्हा खेळता आलं असतं. मला ते सुचलं होतं, आणि तरीही मी थांबले नाही. या एका गोष्टीवर मला नियमाचा आडोसा घेता येत नाही. त्या वर्षानंतर मी स्पर्धेत उतरले नाही. ‘नोकरी वाढली’ हे त्याचं कारण म्हणून मी जे सांगते, ते अर्धंच खरं आहे.

२०१४ च्या आवृत्तीतून ते दोघे वगळले गेले. हातात धरायच्या थ्रीडीएस या खेळयंत्राला दोन-दोन पात्रांचा भार पेलेना, असं साकुराईंनी सांगितलं होतं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. जून २०१८ मध्ये ‘अल्टिमेट’ या पुढच्या आवृत्तीची घोषणा झाली; आजवरचं प्रत्येक पात्र परत येणार होतं. त्या रात्री भावाने आपणहून मेसेज केला: ‘आपले दोघे आले.’ गाडीतल्या त्या संध्याकाळनंतर या खेळाबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. अल्टिमेटमध्ये पकड घेतली की जोडीदार हात आवरून नुसता उभा राहतो, त्यामुळे तो जुना टक्-टक् आवाज आता काढताच येत नाही.

म्हणून तुम्ही विचारता, तेव्हा मला एक उत्तर देता येत नाही. मी त्यांना घेते कारण ते आमच्या कॅसेटमधले आहेत. मी त्यांना घेते कारण दोघांना सोबत वर न्यायला मला अजून नीट जमत नाही, आणि ऐन अटीतटीला मी आजही पुढे निघून जाते, मागची खाली पडते. याला कुणी प्रायश्चित्त म्हटलेलं मला आवडणार नाही, कारण मला जिंकायला अजूनही तितकंच आवडतं.

गेल्या डिसेंबरात साताऱ्याला गेले तेव्हा भावाने त्याच्या मुलीच्या स्विच या खेळयंत्रावर खेळ लावला. त्याने पॅक-मॅन घेतला, भाचीने किर्बी. अल्टिमेटमध्ये या जोडीच्या आठ वेशांपैकी चारांत गुलाबी नाना पुढे असते आणि पोपो तिच्या मागून येतो. मी त्यांतला एक निवडला. भाऊ पडद्याकडे पाहत होता, त्यामुळे त्याच्या ते लक्षात आलं असणार. पण तो काही बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.