तुम्ही विचारलंत म्हणून: शुगरमुळे गाऊट की गाऊटमुळे शुगर?

तलावपाळीला फिरायला येणाऱ्या बायका, जाऊबाई, केमिस्टकडचा मुलगा, सगळे हेच विचारतात, आणि वर "पण ताई, तुम्ही तर अंडंसुद्धा खात नाही!" गाऊट म्हणजे मटण-दारूवाल्यांचा आजार असं त्यांना वाटतं. नाही हो, मी चोरून बिअर पीत नाही. मला शुगर आहे आणि गाऊटही, म्हणजे रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साठतात आणि सांधा सुजतो.

युरिक अ‍ॅसिड बरंचसं आपल्याच शरीरात तयार होतं, जेवणातून येतं ते थोडं. साधारण दोन तृतीयांश बाहेर टाकायचं काम किडनीचं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन जास्त राहतं आणि किडनी युरिक अ‍ॅसिड टाकायचं सोडून परत आत घेते, शुगर रिपोर्टात दिसायच्या आधीपासूनच हे चालू असू शकतं. पाळी गेली की इस्ट्रोजेनचा आधारही जातो, त्यात माझ्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, तेही युरिक अ‍ॅसिड अडवून ठेवतं. आणि डाळ-पालकाला शिव्या देणाऱ्यांसाठी: 2004 साली अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, त्यात मटण-मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला, प्युरीनवाल्या भाज्यांनी नाही (प्युरीन म्हणजे ज्याचं शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं ते). अर्थात तो पुरुषांवरचा, बायकांना कोण विचारतं.

खरं सांगायचंय ते त्या गणपतीचं. हरतालिकेचा निर्जळी उपास, आणि उद्या गणपती म्हणून रात्री उशिरापर्यंत ओट्याशी उभी. झोपले आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असं काही पेटलं की पंख्याचा वारासुद्धा नको झाला. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, शेजारच्या मुलांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. हॉस्पिटलात एकच हिशोब, डायबेटिस आणि लाल सुजलेला पाय म्हणजे इन्फेक्शन. शंका घेणं बरोबरच होतं, ते मी आजही मानते. पण एक डॉक्टर माझ्यासमोरच ह्यांना म्हणाले, "बोट वाचलं तर नशीब." मी तिथेच पडलेली ना! युरिक अ‍ॅसिड 5.9 आलं, म्हणून गाऊट नाही म्हणाले आणि अँटिबायोटिकच्या सलाईन चालूच. अ‍ॅटॅकच्या वेळी ते नॉर्मल येऊ शकतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, मी कॉटवर. शेवटी सांध्यांच्या डॉक्टरांनी सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं, मायक्रोस्कोपखाली सुईसारखे स्फटिक दिसले. मग स्टिरॉइड दिलं, सूज उतरली आणि शुगर 400 च्या वर! म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याच्या मुळावर. मग इन्सुलिन.

आधी मी छातीठोक सांगायचे की शुगरमुळेच झालं. मग जुनी फाईल काढली तर शुगर निघायच्या कितीतरी आधी युरिक अ‍ॅसिड वाढलेलं. मग उलटं सांगायला लागले. पण जनुकांवरच्या अभ्यासांत नुसत्या युरिक अ‍ॅसिडमुळे डायबेटिस होतो असं काही दिसलं नाही, दोघांचं मूळ बहुतेक एकच, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर. हे वाचून मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, मूळ एकच म्हणजे पोटाचा घेर, म्हणजे फिरून माझ्यावरच. हो, वजन आहे. आहेच. पण माझ्याहून जाड बायका तलावाला दोन फेऱ्या मारून वर भजी खातात, त्यांचा अंगठा शाबूत आहे, त्याचं काय?

आता बीपीला लोसार्टन आहे, ते युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवतं. शुगरला डापाग्लिफ्लोझिन, त्यानेही उतरतं. आणि अ‍ॅलोप्युरिनॉल, युरिक अ‍ॅसिड 6 च्या खाली ठेवायला. ते सुरू केल्यावर पहिले काही महिने अंगठा परत दुखू शकतो, म्हणून सोबत सूज रोखणारं कोल्चिसिन, नाहीतर लोक घाबरून सोडून देतात. आणि आजारी म्हणून ज्यूस आणणाऱ्यांनो, कृपा करा, ज्यूसने शुगर चढते आणि त्यातल्या फ्रुक्टोजने, म्हणजे फळांतल्या साखरेने, युरिक अ‍ॅसिडही वाढतं.

हरतालिका पुन्हा येतेय. डॉक्टर म्हणाले, उपासाने युरिक अ‍ॅसिड चढतं आणि या शुगरच्या गोळीवर उपाशी राहिलात तर किटोन, म्हणजे चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं, वाढतील, मुळीच नको. जाऊबाई म्हणतात, पाणी पिऊन कर. त्यांना मी अजून हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही.