पेटीशेजारचा पियानो

साऊंड चेकला वेळेवर पोहोचणारा वादक हा नाट्यगृहातला सगळ्यांत रिकामा माणूस असतो. तबलजी अजून रिक्षात असतात, ध्वनिव्यवस्थेची मुले वायरींची भेंडोळी सोडवत असतात आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या गायिका ताई गरम पाण्याची बाटली घेऊन यायच्या त्या पाचनंतर. अशा वेळी स्टेज कीबोर्डवर इलेक्ट्रिक पियानोचे आवाज एकामागून एक लावून बघण्यासारखे दुसरे सुख नाही. परवाच्या दुपारी मी तेच करत होतो. सूटकेस, स्टेज, टाइन, वर्ली, रीड अशी नावे पडद्यावर सरकत होती आणि जो आवाज लावावा तो मागच्यापेक्षा देखणा वाटत होता. इतक्यात आमचे पेटीवादक आले, त्यांनी पेटीवरचे कापड बाजूला केले, भाता उघडला आणि सहज म्हणून षड्ज-पंचम दाबून धरले. त्या दोन सुरांसरशी माझे निम्मे देखणे आवाज तिथल्या तिथे बाद झाले.

इलेक्ट्रिक पियानो म्हटले की आधी ऱ्होड्स आठवतो. हॅरल्ड ऱ्होड्स हा मुळात पियानोचा शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणात वाजवता यावा म्हणून त्याने बी-१७ बॉम्बर विमानांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून मांडीवर मावेल असा छोटा पियानो बनवला, आणि त्याच खटपटीतून पुढे त्याच्या नावाचे विजेवरचे वाद्य उभे राहिले. त्यात पट्टी दाबली की हातोडी एका बारीक पोलादी काडीवर, म्हणजे टाइनवर, आपटते. ती काडी आणि तिच्या वरची जाड धातूची पट्टी मिळून असमान पायांचा ट्यूनिंग फोर्क तयार होतो आणि काडीच्या टोकासमोरचा पिकअप तिचे थरथरणे उचलून त्याचा विजेचा संकेत बनवतो. हळू वाजवले तर सुरुवातीची किणकिण लगेच विरून मागे गोल, भरीव सूर उरतो. जोरात वाजवले तर तोच सूर गुरगुरतो. मूळ धूड ५० किलोंहून जड असल्यामुळे आमच्यासारखे लोक त्याच्या आवाजाचे नमुने साठवलेला कीबोर्ड खांद्याला लावून एसटीतून हिंडतात, आणि त्याबद्दल पाठीचा कणा कृतज्ञही असतो.

घोळ होतो तो हेडफोनमुळे. रात्री घरी हेडफोन लावून निवडलेला ऱ्होड्स खालच्या सप्तकात असा काही पसरतो की डाव्या हाताने चार सुरांचा कॉर्ड धरून बसावेसे वाटते. मंचावर मात्र त्याच जागी डग्ग्याची घुमार असते, बेस गिटार असते, आणि सगळे मिळून जे ऐकू येते त्याला गलबला याखेरीज शब्द नाही. म्हणून मी साधारण २०० हर्ट्झच्या खालचा भाग जवळजवळ कापून टाकतो, कीबोर्डमधला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमणारी शेपटी, शून्यावर आणतो, कारण रिकाम्या नाट्यगृहाला स्वतःचा रिव्हर्ब पुरून उरेल इतका असतो, आणि डाव्या हाताला दोनच सुरांची परवानगी देतो. एकटा ऐकला तर हा आवाज अगदी किरटा वाटतो. ताईंना मात्र त्यात सूर सापडतो, आणि आम्हाला त्यासाठीच मानधन मिळते.

सूटकेस नावाच्या आवाजाची आणखी एक गंमत आहे. मूळ ऱ्होड्सच्या त्या प्रकारात आवाज डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे झुलत राहतो. वाजवणाऱ्याला त्याने स्वर्ग दोन बोटे उरतो; पण प्रेक्षागृहाच्या अगदी डाव्या कडेला बसलेल्या तिकीटधारकाला एकच स्पीकर ऐकू येतो आणि त्याच्या दृष्टीने पियानो सतत येतो आणि जातो. बहुतेक ठिकाणी हा प्रश्न परस्पर सुटतो. "दादा, चॅनेल शिल्लक नाहीये, एकच केबल द्या," असे मिक्सरवरचा मुलगा सांगतो, डावे-उजवे एकत्र मिसळते, एक बाजू चढताना दुसरी उतरत असल्यामुळे बेरीज जवळजवळ तेवढीच राहते आणि सगळा झुला जागच्या जागी थांबतो. या मुलांशी मी वाद घालत नाही.

वर्लीवर, म्हणजे वुर्लिट्झर या दुसऱ्या इलेक्ट्रिक पियानोवर, माझा जीव जरा जास्त आहे, आणि त्याचे कारण संगीतात शोधण्यापेक्षा मिरजेत शोधावे. तारा आणि भोपळ्यांच्या त्या गावात आमच्या घरी एक जुनी खर्ज-नराची (खालच्या आणि मधल्या सुरांच्या दोन संचांची) पेटी होती आणि पावसाळा सरला की ती सुरात आणायला एक काका यायचे. ते वर्तमानपत्र अंथरून त्यावर पेटी खोलत, पितळी रीडच्या, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पट्टीच्या, जिभेखाली पातळ पत्र्याचा तुकडा सरकवत आणि बारीक कानशीने दोन-तीनदाच घासत. टोकाशी घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. घासून झाले की फुंकर, मग भाता, मग कान पेटीला लावून शेजारच्या सुराशी पडताळा. वर्तमानपत्रावर पितळेचा कीस चमकायचा आणि तो मला बोटाने उचलू दिला जात नसे. त्या काकांनी "झालं" असे कधीच म्हटल्याचे आठवत नाही. "राहील आता थोडे दिवस" एवढेच म्हणत. पुढे वुर्लिट्झर आतून कसा असतो हे कळले तेव्हा ते काकाच आठवले. त्यातही रीडच असतात, पोलादी. फरक इतकाच की त्यांच्यावर हवेऐवजी हातोडी येते, आणि सूर लावायचा तो रीडच्या टोकावरचा डाखाचा थेंब घासून किंवा वाढवून. थेंब घासून कमी केला की सूर चढतो. काकांना हे वाद्य उघडून दिले असते तर त्यांनी ते न विचारता दुरुस्त केले असते.

इतके जवळचे नाते असल्यावर पेटी आणि वर्ली एका मंचावर गुण्यागोविंदाने नांदायला हवीत. प्रत्यक्षात एकाच वाड्यात हिस्सा मागणाऱ्या चुलत भावांसारखी ती मधल्या सप्तकावरून भांडतात. दोघांचा आवाज अनुनासिक, दोघांना जागा तीच हवी, आणि मान अर्थातच पेटीचा. त्यामुळे ज्या गाण्यात पेटी नाही तिथेच मी वर्ली काढतो. मराठी भावगीतांच्या कार्यक्रमात अशी गाणी किती असणार?

राहिला तो इलेक्ट्रिक पियानोचा घंटेसारखा आवाज. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड आला. त्यात हातोडी नाही, काडी नाही, रीड नाही. स्टॅनफर्डच्या जॉन चाऊनिंगने शोधलेल्या पद्धतीने एका लहरीला दुसऱ्या लहरीने हलवून सूर घडवायचा. त्यातल्या चकचकीत इलेक्ट्रिक पियानोने पुढे दशकभर लग्नाचे हॉल आणि ऑर्केस्ट्रे काबीज केले. मला तो सोसत नाही. काचेच्या बांगड्या घालून आलेला पियानो, असे मी तालमीत एकदा म्हणालो तर ताई म्हणाल्या, "मग त्यात वाईट काय?" नव्वदीतल्या एका गाण्याला तो लागतोच, म्हणून यादीत त्याला जागा ठेवलेली असते.

परवा मध्यंतरानंतर ते गाणे संपते न संपते तोच फर्माईशीची चिठ्ठी आली आणि ताईंनी "काळी चार" एवढी पट्टी पुटपुटून एक जुने, संथ भावगीत थेट उचलले. बटण शोधायला वेळ नव्हता. पहिल्या दोन ओळी पेटी मध्यभागी भरून राहिली, तबला खाली सांभाळत राहिला आणि माझी ती काचेची किणकिण दोघांच्याही वरून, कुणालाच न अडवता, जात राहिली. दुसऱ्या अंतऱ्याआधी हात मोकळा झाला तेव्हा आवाज बदलता आला असता. बदलला नाही, कारण मध्येच बदलणे वाईट दिसते.

कार्यक्रम संपल्यावर ताई म्हणाल्या, "अहो, तिथे हाच आवाज कायम ठेवा. सूर किती स्वच्छ मिळत होता!" पेटीवादकांनीही मान डोलावली. पुढचा कार्यक्रम कोल्हापूरला आहे. बघू.