आज फिल्म आरपार दिसली!

अमरावती रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये आज काचेवरून सुटलेली, मिथेनॉल फ्युएल सेलच्या पडद्यासाठीची पॉलिमरची पातळ फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. आत सिलिका (वाळूतलंच द्रव्य) असूनही कुठे पांढरट ढग नाही, गुठळी नाही. काय आनंद झाला सांगू!

मिथेनॉल फ्युएल सेल म्हणजे मिथेनॉलपासून थेट वीज देणारा सेल; त्याचं खरं दुखणं या पातळ पडद्यात आहे. प्रोटॉन जायला हवेत, मिथेनॉल नको. १९६० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीत घडलेलं नॅफिऑन हे पडद्याचं पॉलिमर प्रोटॉन झकास नेतं, पण पाण्याबरोबर मिथेनॉलही पलीकडे झिरपतं आणि कॅथोडवरच (ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर) जळतं. इंधन वाया, वर व्होल्टेजही पडतं. कागदावर १.२१ व्होल्ट, हातात बरेच कमी. म्हणून आम्ही सल्फोनेटेड (प्रोटॉन नेणारे आम्ल-गट जोडलेल्या) पॉलिमरच्या आतच सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रावणातूनच घट्ट जाळं बनवत, टीईओएस या सिलिकॉनच्या द्रव संयुगापासून सिलिका तयार करतो. ती जास्त झाली की पडदा ठिसूळ, कमी झाली की मिथेनॉल अडतच नाही. हा तोल साधण्यातच माझा जीव रमतो.

नागपूरच्या कोरड्या हवेत ओली फिल्म बघता बघता सुकते, कडा वर वळतात. म्हणून लगेच डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात ठेवली. मॅडमना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन: "छान आलीये गं! उद्या सकाळी इम्पिडन्स लावू, दुपारी मिथेनॉलची पर्मिएबिलिटी." म्हणजे आधी प्रोटॉन किती सहज जातात ते मोजायचं, मग मिथेनॉल किती झिरपतं ते.