हाताने की मशीनने?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रदर्शनात माझ्या शिल्पासमोर उभं राहून लोक पहिल्यांदा हेच विचारतात, "हे हाताने केलंय की मशीनने?" किमतीचा प्रश्न त्याच्या मागेच दबा धरून बसलेला असतो. "दोन्ही" म्हटलं की समोरचा चेहरा जरा उतरतो.

गारंबीच्या शेंगेचंच घ्या. आमच्या सिंधुदुर्गात ओढ्याकाठच्या दाट झाडीत गारंबीचा वेल असतो, पिळे घेत उंच झाडांवर चढलेला. त्याची शेंग लाकडासारखी टणक, हातभराहून लांब, आणि प्रत्येक बीला आपला वेगळा कप्पा. शेंग वाळली की कप्पे एकेक करून सुटतात आणि नुसती कड वेलावर लटकत राहते, तसबीर काढून घेतलेल्या चौकटीसारखी. बी आतून पोकळ, त्यामुळे तरंगते. ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात जाते आणि कुठल्या तरी परक्या किनाऱ्याला लागते. हे सुटणं मला लाकडात करायचं होतं. पाच कप्पे, मूळ आकाराच्या तिप्पट.

आधी मातीत केलं, अर्थात हाताने. छान जमलं असं वाटलं. मग खऱ्या शेंगेचे चहूबाजूंनी दीड-दोनशे फोटो काढून कॉम्प्युटरवर तिचा त्रिमितीय आकार तयार केला. (बियांनी छळलं. चकचकीत पृष्ठभाग असला की फोटोंचा मेळ बसत नाही. शेवटी त्यांना तान्ह्या बाळासारखी टाल्कम पावडर लावली.) पडद्यावरची शेंग आणि माझी मातीची शेंग शेजारी ठेवली तेव्हा लाज वाटली. माझे पाचही कप्पे सारखे, एका ओळीत, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. खऱ्या शेंगेतला तिसरा कप्पा दोन्हीकडून चेपलेला, चौथा फुगलेला, आणि अख्खी शेंग किंचित पिळलेली. इतकी वर्षं मातीत घातलेला हात सवयीने सगळं नीटनेटकं करत सुटला होता. माझी खोटी शेंग पकडली ती मशीनने.

पण मशीनही काही कमी नाही. दुसऱ्या कप्प्यावर किड्याने पाडलेलं बारीक भोक होतं. सॉफ्टवेअरने ती चूक समजून परस्पर बुजवून टाकलं. शेवटी मी गिरमिटाने ते पुन्हा पाडलं.

कोरायला फणसाचं लाकूड घेतलं. ताजं कापलेलं हळदीसारखं पिवळं असतं, पुढे उजेडाने तांबूस होत जातं. आमचं सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर कोरणारं यंत्र, तीन अक्षांचं. त्याचं पातं वरून खाली उतरतं, कप्प्याच्या पोटाखाली शिरत नाही. गोल टोकाचं सहा मिलिमीटरचं पातं मिनिटाला अठरा हजार फेरे घेत शांतपणे पुढे-मागे जात राहतं आणि मागे कंगवा फिरवल्यासारख्या रेघा सोडतं. चौथ्या कप्प्यात गाठ होती. तिथे लाकडाची रेषा वळलेली. पातं उलट्या बाजूने गेलं आणि बोटभर शकल उडालं. मेस्त्रीकाकांनी मशीन थांबवायला लावलं, पटाशी घेतली आणि गाठीच्या दुसऱ्या बाजूने, रेषेबरोबर, ते अंग उतरवून दिलं. म्हणाले, "बाय, ह्या यंत्राक लाकूड कळणा नाय. पण ता दमणापण नाय." पुढचे तीन आठवडे पोटाकडची सगळी कोरणी, कानस आणि पॉलिशपेपर आम्हा दोघांच्या हातांनी झालं. कड लोखंडी पट्टीची, ठोकून वाकवलेली.

यात मी काही नवं करत नाही. फ्रेंच शिल्पकार रोदँची संगमरवरी शिल्पं बहुतांशी मदतनीसांनी कोरली, प्लास्टरच्या नमुन्यावरून मापं घेणारं बिंदुयंत्र लावून. आपल्या शिल्पकार करमरकरांनी पुण्याचा अश्वारूढ शिवपुतळा घडवला आणि १९२८ साली तो उभा राहिला. त्याचं ब्राँझ ओतलं गेलं ते माझगावच्या गोदीत, जिथे जहाजांची कामं व्हायची. पुतळ्यासमोर उभं राहून कुणी विचारत नाही की भट्टी कुणाची होती.

हे सगळं प्रदर्शनात सांगायला वेळ नसतो. म्हणून पाचवा कप्पा मी मशीनवरून उतरला तसाच ठेवला, कंगव्याच्या रेघांसकट, पॉलिशपेपरही न लावता. गेल्या खेपेला एक आजोबा बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत होते. मग नातवाला जवळ ओढून म्हणाले, "हा बघ, हा खरा हाताचा."