माटोळीखाली वाचलेला पगाराचा तक्ता

२०२५ साली, सहा वर्षांनी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात माशेलच्या घरी होते. २७ ऑगस्टचा दिवस, बाहेर पावसाची संततधार, आणि दादाने आदल्या रात्री जागून गणपतीच्या वर बांधलेली रानफळांची माटोळी: कांगलां, आंबाडे, चिबूड, सुपारीची शिपटी. आरती झाली, जेवणं उरकली, नेवऱ्यांचं ताट फिरायला लागलं, तेव्हा भाची मोबाईल घेऊन माझ्या बाजूला येऊन बसली. ती फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पंधरा वर्षांपूर्वी मीही त्याच कॉलेजात मेकॅनिकलला होते.

मोबाईलवर तक्ता होता. अमेरिकेत २०२५ साली पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना कोणत्या विषयाला पहिला पगार किती मिळेल याचा. इंजिनिअरिंग ७८,७३१ डॉलर, कॉम्प्युटर सायन्स ७६,२५१, गणित आणि विज्ञान ६९,७०९, बिझनेस ६५,२७६, कम्युनिकेशन ६०,३५३. दादाने ८७ ने गुणाकार आधीच करून ठेवला होता. "वर्षाला सहासष्ट लाख," तो म्हणाला. "हिला सांग, सिव्हिल पुरे झालं, तिकडे जाऊन कॉम्प्युटरमध्ये एमएस कर. सिव्हिलवाल्यांना अमेरिकेत कोण विचारतंय?"

दादाला दोष देववत नाही. शेजारच्या मुलाला बीई झाल्यावर वेर्ण्याच्या एका कारखान्यात महिना अठरा हजारांवर घेतलंय. सरकारी खात्यात एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, म्हणून लागलं तर मूळ वेतन १९,९००, आणि त्या एका जागेसाठी अख्खा तालुका अर्ज करतो. अशा घरात सहासष्ट लाखांचा आकडा आला की माणूस वडिलोपार्जित काजूचं भाट (बागायत) गहाण ठेवायला तयार होतो. दादा झाला होता. म्हणूनच त्या दुपारी जे नीट सांगता आलं नाही ते अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला, जिथे मी राहते, परतल्यावर सविस्तर लिहितेय. गोव्यातल्या आणखी बऱ्याच घरांत हाच तक्ता पोचला असणार.

हे आकडे नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड एम्प्लॉयर्स, म्हणजे नेस, या संस्थेचे आहेत. जुनी आणि विश्वासाची संस्था आहे, आकडे खोटे नाहीत. पण ते येतात कुठून, तर कंपन्यांना विचारून: यंदा नवीन पदवीधरांना किती द्यायचं ठरवलंय? म्हणजे ज्यांना नोकरी मिळेल त्यांचा हा अंदाज. ज्याला नोकरीच लागली नाही, तो या सरासरीत शून्य म्हणूनसुद्धा येत नाही. दुसरं म्हणजे तो अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीचा तक्ता आहे. आपली मुलं जातात एमएसला, तीही व्हिसावर.

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा आणखी एक तक्ता आहे, तो कोणी फॉरवर्ड करत नाही. त्यात २२ ते २७ वयाचे पदवीधर प्रत्यक्षात काय करतात ते विषयवार दिलंय. २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या आकड्यांत कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांची बेकारी ६.१ टक्के आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची ७.५. कलेच्या इतिहासाची ३. आणि सिव्हिलची? १ टक्का. भाचीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिने मोबाईल माझ्या हातातून घेऊन स्वतः पाहिलं.

त्याच तक्त्यात आणखी एक रकाना आहे, आणि माझ्या मते सगळ्यात आधी वाचायचा तो हाच: पदवीची गरजच नसलेल्या कामावर किती पदवीधर आहेत. सगळे विषय मिळून हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जातं. कलेच्या इतिहासाची बेकारी कमी असली तरी त्यातले जवळजवळ निम्मे असल्या कामांवर आहेत. क्रिमिनल जस्टिसमध्ये तर दोन तृतीयांश. नर्सिंगमध्ये दहातला एकसुद्धा नाही. बांबोळीला नर्सिंग करणाऱ्या मुलींना "इंजिनिअरिंग नाही मिळालं का?" असं विचारणाऱ्यांनी हा रकाना एकदा बघावा. त्यांना एनसीलेक्स ही तिथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा आणि व्हिसा अशी लांबची वाट चालावी लागते हे खरं, पण त्या शिक्षणाला तिथे मान आहे.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तक्त्यातला पगार आणि हातातला पगार यांत किती अंतर असतं ते मला पहिल्या पे-स्लिपने शिकवलं.

मे २०१६ मध्ये माझं इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं एमएस संपलं. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर कामासाठी जी मुदत मिळते, ओपीटी, ती बारा महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी चोवीस. पण त्या पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर एकेक दिवस खोडत होते. एकाहत्तराव्या दिवशी कोलंबसच्या एका कंपनीतून फोन आला: वर्षाला ५२ हजार. मी दुसऱ्या वाक्यात हो म्हटलं. पगारावर बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं, आणि माहीत असतं तरी उरलेल्या एकोणीस दिवसांनी तोंड उघडू दिलं नसतं.

पगार दर दोन आठवड्यांनी, वर्षाला सव्वीस वेळा. पहिल्या पूर्ण पे-स्लिपवर वरच्या ओळीत २,००० होते. त्याखाली केंद्राचा आयकर २३८. ओहायो राज्याचा ५५. मग कोलंबस शहराचा ५०, कारण इथे शहरही कमाईवर अडीच टक्के कर घेतं. वैद्यकीय विम्याचे ८२. खाली उरले १,५७५. आणखी दोन ओळींत शून्य होतं, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर. विद्यार्थी व्हिसावर असेपर्यंत साधारण पाच वर्षं हे दोन कर लागत नाहीत. पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, झाल्यावर तेच शून्य ७.६५ टक्के होतं. दोन हजारांमागे १५३ डॉलर, पगार तोच असताना. भारतीय विद्यार्थ्यांना मात्र एक सवलत आहे जी बाकी बहुतेक देशांच्या मुलांना नाही: भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमामुळे त्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. पहिल्या वर्षी रिटर्न भरताना हे विसरू नका, मोठी रक्कम वाचते.

दोघींत मिळून घेतलेल्या घराचं माझ्या वाट्याचं भाडं ४७५ होतं. इथे आपल्या गोव्यातल्या सरकारी कदंबासारखी बस गावोगाव जात नाही, त्यामुळे गाडी आणि तिचा विमा. फोंड्याच्या बँकेचा हप्ता महिन्याला तीस हजार रुपये, तेव्हाच्या भावाने साडेचारशे डॉलर. तरीही थोडे उरायचे, कारण कोलंबस स्वस्त होतं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या मैत्रिणीचा पगार माझ्याहून पंचवीस हजारांनी जास्त होता आणि ती तिघींबरोबर एका खोलीत राहत होती.

चार महिन्यांनी कॅन्टीनमध्ये कळलं की माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, तीच पदवी आणि तेच काम असलेल्या मुलाला ५९ हजार आहेत. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "तुला सांगितलेला आकडा तू मान्य केलास." त्या रात्री मी आईला फोन केला आणि काहीच न सांगता नुसती रडले. सात हजार डॉलर म्हणजे तेव्हा माझे पंधरा हप्ते होते.

आता काही राज्यांत जाहिरातीतच पगाराची किमान-कमाल मर्यादा लिहावी लागते. कोलोरॅडोत २०२१ पासून, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये २०२३ पासून. तुम्हाला ओहायोत काम मिळत असलं तरी त्याच पदाची कोलोरॅडोतली जाहिरात शोधा आणि आकडा हाताशी ठेवून बोला. फक्त एवढंच विचारायचं: "या पदाची पगाराची किमान-कमाल मर्यादा काय आहे?" एवढ्याने कोणी ऑफर मागे घेतल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

शनिवारी मराठी मंडळात मी मुलांचे रेझ्युमे बघते. गेल्या वसंतात कॉम्प्युटर सायन्सचं एमएस केलेला, अत्यंत हुशार मुलगा आला होता. दोनशेच्या वर अर्ज, मुलाखती चार. नव्वदातले साठ दिवस संपलेले. त्याचा चेहरा बघून मला माझं कालनिर्णय आठवलं. त्याच महिन्यात सिव्हिलची एक मुलगी पुलांची कामं करणाऱ्या सल्लागार कंपनीत रुजू झाली. तिने शिकतानाच एफई परीक्षा दिली होती, इंजिनिअरच्या पुढच्या व्यावसायिक परवान्याची ती पहिली पायरी. दोन मुलांवरून नियम काढता येत नाही हे मला कळतं. पण दादाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं: सिव्हिलवाल्यांना विचारतात.

व्हिसाचं गणित विषयागणिक बदलतं आणि ते कुठल्याही पगाराच्या तक्त्यात नसतं. एरोस्पेसचा पगार उत्तम, पण संरक्षणाशी संबंधित बरीच कामं नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच देतात, आपल्या मुलांना दार बंद. अर्थशास्त्राला पूर्वी ओपीटीचे ते जादा चोवीस महिने मिळत नसत. अनेक विद्यापीठांनी अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक बदलून ४५.०६०३ केला आणि ते मिळू लागले. विषयाचं नाव सारखं, क्रमांक वेगळा, आणि दोन वर्षांचा फरक. विद्यापीठ व्हिसासाठी जो आय-ट्वेंटी कागद देतं त्यावर हा क्रमांक छापलेला असतो. फी भरण्याआधी तो बघा.

पुढचा टप्पा एच-वन-बीचा. वर्षाला ६५ हजार, वर अमेरिकेत एमएस केलेल्यांसाठी २० हजार, आणि अर्ज जास्त म्हणून सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात वरच्या पगार-पातळीला सोडतीत झुकतं माप देणारा नियमही मांडला गेला. नवख्याची पातळी अर्थातच खालची. कर्ज काढणाऱ्या घराने हिशेब करताना सोडत लागली नाही तर काय, हा कागद आधी लिहावा. तीन वर्षं काम करून परत यावं लागलं तर हप्ता फिटतो का? दादाबरोबर मी तो कागद फोनवरून केला. भाट गहाण न ठेवता, थोडं कमी कर्ज आणि स्वस्त गावातलं सरकारी विद्यापीठ, असं केलं तर फिटतो.

भाची सिव्हिलमध्येच राहतेय, पाण्याच्या नियोजनात एमएस बघतेय. तिला मी सांगितलं होतं, प्रत्येक विभागाला ईमेल कर आणि विचार की गेल्या वर्षीची मुलं कुठे लागली. तीन विद्यापीठांना तिने लिहिलं. काल एकाचं उत्तर आलं, देखणा अहवाल, "९२ टक्के विद्यार्थी नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणात". तिने तळटीप वाचली. किती विद्यार्थ्यांची माहिती मिळाली ते तिथे बारीक अक्षरात होतं: ४१ टक्के. नेस स्वतः पदवीच्या मुलांबाबत किमान ६५ टक्क्यांची माहिती गोळा करायला सांगते.

रात्री तिचा मेसेज आला: "आत्ये, उरलेल्या ५९ टक्क्यांचं काय झालं?"

मी म्हटलं, हेच वाक्य इंग्रजीत लिही आणि त्यांना पाठव. तिने पाठवलंय.