घर आमचं झालं, पण गच्चीवरचा सोलर कुणाचा?

पाथर्डी फाट्याजवळचं रो-हाऊस आम्ही जानेवारीत घेतलं. सर्च रिपोर्ट, कर्ज, दुय्यम निबंधकांकडची नोंदणी, सगळं बिनबोभाट पार पडलं. राग आहे तो गच्चीवरच्या एका वस्तूचा, आणि अजून पुरता गेलेला नाही.

किल्ल्या मिळाल्या त्या संध्याकाळी वर गेलो, तर सोलर वॉटर हीटर गायब. टाकी नाही, काचेच्या नळ्या नाहीत. दोन पाइप अर्ध्यात कापलेले, त्यांच्या तोंडांना दुधाच्या पिशव्या सुतळीनं बांधलेल्या. स्टँडचे बोल्ट उपटल्यामुळे वॉटरप्रूफिंगमध्ये चार खड्डे. नाशिकची थंडी, घरात दोन वर्षांची मुलगी. पाणी गॅसवर तापवायला लागलो.

आधीच्या मालकांना फोन केला. "अहो, तो आम्ही नंतर आमच्या पैशानं बसवला होता. घराबरोबर थोडाच आला?" एजंट म्हणाला, "तुमचं बोलणं झालं होतं ना?" झालं होतं की! घर दाखवताना मालक काकांनी स्वतः नळ सोडून गरम पाणी माझ्या हातावर घातलं होतं. पण साठेखतात, म्हणजे विक्रीआधीच्या लेखी करारात, काय होतं? 'फिटिंगसह', एवढा एकच शब्द.

19 दिवस गेले. कधी फोन उचलायचे नाहीत, कधी 'मुलाला विचारून सांगतो'. शेवटी वकिलांनी मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 8 समोर ठेवलं. करारात वेगळं ठरलं नसेल, तर घर विकताना कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या इतर वस्तूही घराबरोबर जातात. पैसे कुणी घातले यापेक्षा वस्तू कशी जोडली आहे आणि कशासाठी, हे बघतात. पाइपांनी घराच्या नळांना जोडलेला सोलर त्यात बसतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि कामी आला एक फोटो. वाळवणाला जागा किती आहे म्हणून बायकोनं घर बघायला गेलो तेव्हा गच्चीचा काढला होता. कोपऱ्यात सोलर स्पष्ट दिसत होता. आधीच्या मालकांना पत्र पाठवलं, त्याबरोबर तो जोडला. चौथ्या दिवशी टेंपो आला, सोबत त्यांचाच प्लंबर. त्या रात्री मुलीला नळाच्या गरम पाण्यानं आंघोळ घातली, तेव्हा कुठे घर आपलं वाटलं.

हॉलमधला पितळी कड्यांचा झोपाळाही त्यांनी नेला होता. मला तो फार आवडला होता, पण तो मागितला नाही. हुकावरून सहज निघतो, तो त्यांचाच. स्लॅबमधले हुक मात्र घराचे. कुंड्या, फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी त्यांची. अंगणात जमिनीत लावलेला कढीपत्ता आमचा. एसी, गिझर, चिमणी यांवरून भांडणं होतात, म्हणून ती नावं लिहूनच घ्या.

विसार देण्याआधी खोलीवार यादी करा, काय राहणार आणि काय जाणार, आणि ती साठेखताला जोडा. प्रत्येक खोलीचे, गच्चीचेही फोटो काढा. नोंदणीच्या दिवशी सकाळी, डीडी हातातून सुटण्याआधी, घरात एक चक्कर मारा. मी ती मारली नाही. विकणारे असाल, तर जे न्यायचंय ते झुंबर किंवा पंखा गिऱ्हाईक बघायला येण्याआधीच उतरवा.

गच्चीतले ते खड्डे मात्र आमच्याच खर्चानं बुजवले, पावसाआधी.