दोन्हीकडचा कीपर

"टोरांटोचे आठच खेळाडू दिसतायत." हा मेसेज आला तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. २६ ऑगस्ट २०२४, सोमवार. गोकुळाष्टमीचा उपास, डब्यात साबुदाण्याची खिचडी, आणि बॉस्टनजवळच्या आमच्या ऑफिसात दुपारचे दोन वाजून गेलेले. पाठोपाठ दुसऱ्या वेबसाइटवाल्याचा मेसेज, मग तिसऱ्याचा. बेसबॉलच्या बॅटिंग ऑर्डरमध्ये नऊ जण असतात. आठ म्हणजे गडबड, आणि ती आमच्याकडचीच.

आमची कंपनी छोटी आहे. चालू सामन्यांची आकडेवारी वेबसाइट्सना पुरवते. डेटाबेस माझ्याकडे. मी डोंबिवलीची, क्रिकेटवर वाढलेली; बेसबॉल इथे आल्यावर नोकरीपायी शिकले.

गडबडीचं मूळ दोन महिने जुनं होतं. २६ जूनला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर टोरांटो ब्लू जेज विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स असा सामना सुरू झाला. दुसऱ्या इनिंगमध्ये टोरांटोचा डॅनी जॅन्सन बॅटिंगला आला. हा कॅचर, म्हणजे आपल्या भाषेत कीपर. पहिला चेंडू त्याने फाउल, म्हणजे रेषेबाहेर मारला, एक स्ट्राइक लागला (असे तीन झाले की बॅटर आउट, त्यालाच स्ट्राइकआउट म्हणतात), आणि पाऊस कोसळला. बेसबॉलमध्ये असा अर्धवट सामना नंतरच्या तारखेला जिथे थांबला तिथून पुढे खेळतात: तीच इनिंग, तोच बॅटर, तोच एक स्ट्राइक. तारीख ठरली २६ ऑगस्ट. पण मधेच, २७ जुलैला, टोरांटोने जॅन्सनला ट्रेड करून टाकलं, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. कुणाकडे? बॉस्टनकडे.

म्हणजे ज्याची बॅटिंग अर्धी राहिली होती, तोच आता समोरच्या संघात. बॉस्टनचे मॅनेजर ॲलेक्स कोरा यांनीही मजा घालवली नाही; जॅन्सनला थेट कीपिंगला उभं केलं. टोरांटोने त्याच्या जागी डॉल्टन वार्शोला पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर म्हणून पाठवलं. जॅन्सन स्वतःच्याच उरलेल्या बॅटिंगमागे ग्लोव्ह घालून बसला. मेजर लीगमध्ये एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला पहिला माणूस.

आता आमचं टेबल. कोण कोणत्या सामन्यात खेळलं याची त्यात एक ओळ असते, आणि त्या ओळीची ओळख, म्हणजे प्रायमरी की, होती सामना आणि खेळाडू. बस. संघ हा नुसता एक रकाना. एका सामन्यात माणूस एकाच संघाचा असणार, हे इतकं उघड होतं की कुणी कधी लिहूनसुद्धा ठेवलं नव्हतं.

माझ्या आधी हे काम बघणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चाचणीसाठी सगळी विचित्र उदाहरणं गोळा करून ठेवली होती. ३० मे १९२२ला शिकागो कब्ज आणि सेंट लुइस कार्डिनल्स यांचे एकाच दिवशी दोन सामने होते. मधल्या वेळात मॅक्स फ्लॅक आणि क्लिफ हीथकोट यांची अदलाबदल झाली आणि दुसऱ्या सामन्यात दोघं एकमेकांच्या संघाकडून खेळले. ४ ऑगस्ट १९८२ला जोएल यंगब्लडने दुपारी शिकागोत मेट्स संघाकडून फर्गसन जेनकिन्स या पिचरला, म्हणजे बोलरला, हिट मारली. सामना चालू असतानाच त्याला ट्रेड केलं. विमान पकडून तो फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री एक्स्पोज या नव्या संघाकडून स्टीव्ह कार्ल्टनला हिट मारली. दोन्ही पिचर पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. ही सगळी मंडळी आमच्या टेबलमध्ये निमूट बसली होती, कारण दिवस एक असला तरी सामने दोन होते.

तारखेचा घोळही आम्ही आधीच निस्तरला होता. पुढे खेळलेला सामना रेकॉर्डमध्ये मूळ तारखेलाच लागतो. २०१८मध्ये हुआन सोतोने जूनमध्ये मारलेला होमरन त्यामुळे १५ मेच्या खात्यावर गेला, आणि त्याचं पदार्पण तर २० मेचं! तेव्हा आमच्या सिस्टिमने तो होमरन नाकारला होता. ती तपासणी तेव्हाच सैल केली. म्हणून आता ट्रेड व्हायच्या महिनाभर आधी जॅन्सन बॉस्टनकडून खेळला, असं म्हणायला सिस्टिमची हरकत नव्हती.

कीचं मात्र राहिलं. जुलैअखेर मी टिकेट, म्हणजे दुरुस्तीची नोंद, टाकलं होतं. आमचा मॅनेजर म्हणाला, "असं किती वेळा होणार?" मला पटलं. एकदाच तर होणार, हाताने भरू. फक्त त्या दिवशी लाइव्ह फीड, म्हणजे मैदानावरून आपोआप येणाऱ्या नोंदी, अडवायला मी विसरले. "बॉस्टन, कॅचर, जॅन्सन" असा निरोप आल्यावर सिस्टिमने पाहिलं, ही ओळ आहेच. संघ तेवढा बदललाय. तिने इमानेइतबारे टोरांटो खोडून बॉस्टन लिहिलं. जूनमध्ये पहिल्या इनिंगला टोरांटोचं कीपिंग करणारा माणूस पुसला गेला.

फीड थांबवलं, कीमध्ये संघ घातला, जूनची ओळ बॅकअपमधून परत आणली. सांगायला एक वाक्य, पण चाळीस मिनिटं माझे हात गार पडले होते. बॉस्टनचा जूनमधला कॅचर रीस मॅग्वायर, त्याच्या ओळीला जोडून जॅन्सनची दुसरी ओळ बसली. गंमत म्हणजे हा मॅग्वायरही आधी टोरांटोचाच कॅचर, आणि जॅन्सन आल्यावर त्याचीच जागा गेली. त्याच दोन संघांचे दोन कीपर एकाखाली एक.

मग वार्शोची नोंद तपासली. तो स्ट्राइकआउट झाला होता. हा कुणाच्या नावावर? नियम असा की बॅटर दोन स्ट्राइक लागल्यावर गेला आणि बदलीवाल्याला तिसरा लागला, तर स्ट्राइकआउट पहिल्याचा. जॅन्सनला एकच लागला होता, म्हणून तो वार्शोच्या खात्यावर. पण जूनमध्ये पाऊस एक स्ट्राइक उशिरा आला असता तर? स्ट्राइकआउट टोरांटोच्या जॅन्सनचा, आणि कॅचरने चेंडू पकडला तर पुटआउटही, म्हणजे आउट केल्याचं श्रेयही, कॅचरला मिळतो, म्हणजे बॉस्टनच्या जॅन्सनला. स्वतःच स्वतःला आउट! मी ते कागदावर मांडून पुन्हा पुन्हा वाचलं. फार हळहळ वाटली. टिकेट टाकणाऱ्या बाईने हळहळू नये, पण वाटली.

टोरांटोने सामना ४-१ असा जिंकला.

खिचडीचा गोळा झाला होता. फोनवर दादाने पाठवलेला पाळण्याचा फोटो. तिकडे रात्रीचे बारा वाजून कृष्णजन्म होऊन गेला होता. मी फोन करून त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, आज तर देवच दोन घरचा." आणि मग, "अगं, तूच की ती! कॉमन कीपर!"

खरंच. चाळीत पोरं विषम जमली की मला, कच्च्या लिंबूला, दोन्हीकडून कीपिंगला उभं करायचे. स्कोअरची वही दादाकडे असायची. मी विचारलं, "दादा, त्या वहीत माझं नाव कधीच का नसायचं रे?"

"आता दोन्हीकडून होतीस तू," तो म्हणाला, "लिहायचं कुठे?"